गिअरबॉक्स तापवतंय कोण?

बुधवार, १ फेब्रुवारी

ही वही हिला दाखवायची नाही. टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या शिक्क्यांच्या डब्याखाली ठेवणार आहे. वही आजच आणली. हल्ली पानंसुद्धा अरुंद काढायला लागलेत. तीन-चार शब्दांत ओळ संपते आणि कुणी ब्रही काढत नाही.

वजनमापं खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो. समोरचा माणूस गोड बोलायला लागला की आधी त्याच्या तराजूचं पारडं उलटं करून बघायचं, ही माझी सवय. पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवलेले कितीतरी गोड लोक मी पाहिलेत. म्हणून सांगतो, माझ्या गाडीच्या बाबतीत कुठेतरी पाणी मुरतंय.

ऑक्टोबरात मला जरा चक्कर आली. डॉक्टरांनी चार दिवस ठेवून घेतलं आणि जाताना एक लिफाफा दिला. त्यानंतर तीन महिने मी नुसता पडून होतो. मग जुन्या धावपट्टीवर एका क्लबानं ट्रॅक केल्याचं कळलं. रविवारी आपली गाडी न्यायची आणि मनसोक्त पळवायची. सलग दहा फेऱ्या पूर्ण करणाऱ्याला कायमचा बिल्ला मिळतो. मला तो बिल्ला हवा आहे. एकसष्टाव्या वर्षी माणूस मोडीत निघत नाही, एवढंच त्यावर लिहिलेलं असेल असं समजा.

अडचण गिअरबॉक्सची. माझी गाडी ऑटोमॅटिक, क्लच नाही. इंजिनाचा जोर तेलातून पुढे जातो. रस्त्यावर हे ठीक आहे, पण ट्रॅकवर सतत दाबून चालवली की ते तेल घुसळून घुसळून तापतं. सव्वाशे अंशांच्या आसपास गेलं की गाडी स्वतःहून जोर कमी करते आणि बैलगाडीसारखी चालते. दोन रविवार झाले, चौथ्या फेरीतच माझी बैलगाडी होते.

गुरुवार, २ फेब्रुवारी

मिस्त्रीकडे जाऊन तेलासाठी वेगळा कूलर बसवून घेतला. पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या आधी, म्हणजे समोरून येणारा वारा थेट त्याच्यावर. तेलही बदललं. ताजं तेल लालभडक असतं, जळलं की तपकिरी होतं आणि करपट वास मारतं.

कूलरच्या चारही स्क्रूंवर मी लाल रंगाचे ठिपके लावले. कुणी स्क्रू फिरवला की ठिपका तुटणार.

"काका, माझ्यावर विश्वास नाही का?" मिस्त्री म्हणाला.

"आहे. म्हणूनच ठिपके छोटे लावलेत."

तो हसला. मी हात धुवायला गेलो तर ही त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती. मी आलो तसे दोघंही गप्प झाले. एकच शब्द कानावर आला, "डावीकडे." काय डावीकडे, ते विचारलं तर म्हणाली, "नळ डावीकडे आहे, असं सांगत होते." नळ मला सापडलाच होता. मनात पाल चुकचुकली ती तिथे.

रविवार, ५ फेब्रुवारी

ट्रॅकपर्यंत गाडी ही चालवते. रस्त्यावर माझी शक्ती खर्च होऊ नये म्हणून, असं तिचं म्हणणं. मी वाद घातला नाही, पण नोंद करून ठेवतो.

माझी पाळी आली की बाकीचे सगळे चहाला जातात. दर वेळी. ट्रॅकवर मी एकटा. झेंडेवाला म्हणून जे गृहस्थ आहेत ते पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे. त्यांना विचारलं, "मी काय कुणाचं घोडं मारलंय?" ते म्हणाले, "तुम्हाला मोकळा ट्रॅक मिळावा म्हणून हो." इतकी आपुलकी कुणी फुकट दाखवत नाही.

पाचव्या फेरीत तापमान एकशे बावीस आणि झाली बैलगाडी. नवा कूलर असून. शिवाय परत आल्यावर दाखवतात काय, तर मी वळणांवरचे सात प्लास्टिकचे कोन पाडले म्हणे. सहापैकी चार वळणं उजवी, दोन डावी. उजव्या वळणांवरचे सगळे कोन जागच्या जागी उभे आणि पडलेले सगळे डाव्या वळणांवरचे. मी जाताना तिथे कोन नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. मागाहून कुणीतरी ठेवून पाडले असणार.

घरी येऊन जाळीतून बघितलं. कूलर स्वच्छ, पट्ट्या चकचकीत, दोन्ही ठिपके जागेवर.

बुधवार, ८ फेब्रुवारी

घरातसुद्धा काहीतरी चाललंय. स्टूल रोज जागा बदलतं आणि नेमकं माझ्या पायात येतं. दाराची चौकट खांद्याला लागते. खांदा डावाच, आता हिरवानिळा झालाय. हिला विचारलं तर म्हणते, "स्टूल मागची बावीस वर्षं तिथेच आहे."

जेवणाचं तर विचारूच नका. मी ताट चाटूनपुसून स्वच्छ करतो. ही समोरून हात लांब करते, ताट नुसतं फिरवते आणि म्हणते, "हे राहिलं." बघतो तर भाजी, भात, अर्धा बटाटा. वाढते कधी तेच समजत नाही. आज मी तिच्या हातांवरून नजर हलवली नाही, तरीही तिनं वाढलंच. माझं वजन वाढवून गाडी जड करायची, असा तर डाव नाही?

रविवार, १२ फेब्रुवारी

आज सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. गिअर गाडीवर न सोडता हातानं तिसऱ्यात धरून ठेवला, म्हणजे उगाच वरखाली होऊन तेल घुसळत नाही. तीन फेऱ्या जोरात, चौथी मुद्दाम सावकाश. थांबल्यावर इंजिन लगेच बंद केलं नाही. न्यूट्रलमध्ये चालू ठेवलं, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहतं. सहाव्या फेरीला एकशे तेवीस.

मिस्त्रीही दर रविवारी ट्रॅकवर येतो. तो डोकं खाजवत म्हणाला, "काका, वय झालंय."

"कुणाचं?"

"गाडीचं हो."

ही लगेच दुसरीकडे बघायला लागली.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

तेल काढून वास घेतला. करपट. रंग तपकिरी. दोन आठवड्यांत? मिस्त्रीनं दुसऱ्या गाडीचं जुनं तेल घातलं असणार. मी दुसऱ्या दुकानातून सीलबंद डबा आणला आणि डोळ्यांत तेल घालून समोर उभा राहिलो. शेवटचा थेंब जाईपर्यंत हललो नाही. मिस्त्रीनं मुकाट्यानं काम केलं. जाताना म्हणाला, "काका, एक विचारू? तो लिफाफा वाचलात का तुम्ही?"

माझ्या लिफाफ्याचं याला काय माहीत? हिनंच सांगितलं असणार. म्हणजे दोघं मिळालेले आहेत, याबद्दल आता शंका उरली नाही. लिफाफा मी वाचलाय. डॉक्टरांना धड वाक्य लिहिता येत नाही. प्रत्येक ओळ मधूनच सुरू होते.

शनिवार, १८ फेब्रुवारी

गाडी स्वतः धुतली. जाळीत जोरात पाणी मारलं. एक ओला पुठ्ठ्याचा लगदा वाहत पायाशी आला. शेजाऱ्यांचा कचरा. उचलून त्यांच्या फाटकाशी ठेवला.

रविवार, १९ फेब्रुवारी

पहिली फेरी ब्याऐंशी. तिसरी नव्वद. पाचवी चौऱ्याण्णव. सातवी शहाण्णव आणि तिथेच स्थिर. मी गाडीत मोठ्यानं गात होतो. गाडी अशी पळत होती की जणू तिला कुणी पहिल्यांदाच मोकळं सोडलंय. दहा फेऱ्या होणारच होत्या.

आठव्या फेरीत चहा सोडून धावत आलेले लोक लाल झेंडे हलवताना दिसले. थांबलो. मागे वळून बघतो तर झेंडेवाले ट्रॅकच्या बाजूच्या गवतात पडलेले, झेंडा एकीकडे, चप्पल दुसरीकडे. मिस्त्री धावत आला.

"ते डाव्या वळणावर उभे होते काका. पांढरा शर्ट घालून. तुम्ही सरळ त्यांच्या अंगावर."

तिथे कुणीही नव्हतं. असतं तर मला दिसलं नसतं का? मला थांबवायला ते मुद्दाम गवतात लोळले. साठीच्या माणसाला हे नाटक शोभत नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ते उठून बसले. कोपर खरचटलं होतं. आपली चप्पल शोधायला लागले.

हिनं माझी बाही इतकी घट्ट धरली होती की खांद्यावरची शिवण उसवली. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवणाऱ्या बाईनं शिवण उसवावी, हे मला विचित्र वाटलं. गाडीत घरापर्यंत मी तापमान सांगत होतो. शहाण्णव.

बुधवार, २२ फेब्रुवारी

ही मशीनवर न बसता हातानं काहीतरी शिवते आहे. काळं, जाड कॅनव्हास, वीतभर रुंद, चारी कोपऱ्यांना नाड्या. मी खोलीत गेलो की मांडीवर उशी ओढते.

"कुणाचं आहे?"

"एका गिऱ्हाइकाचं."

"काय आहे?"

"झाकण."

"कशाचं?"

तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "जेवायला चला." ताकास तूर लागू देईल तर शपथ. डोळे लाल होते. कांदा चिरला म्हणाली, पण भाजीत कांदा नव्हता.

रविवार, २६ फेब्रुवारी

काल संध्याकाळी बॉनेटला तार ओवून शिशाचं सील ठोकलं. खात्याची पद्धत, माझा स्वतःचा पक्कड-शिक्का. सील न तोडता बॉनेट उघडणं देवालाही शक्य नाही. सकाळी सील शाबूत. जाळीतून वाकून बघितलं, कूलर चकचकीत, दोन्ही ठिपके ठीक.

चौथ्या फेरीत एकशे चोवीस. बैलगाडी.

म्हणजे गेल्या रविवारी गाडी ठणठणीत होती आणि आज नाही, सील शाबूत असताना. मिस्त्री, ही आणि झेंडेवाले तिघं एका ओळीत उभे होते, कोपराला अजून पट्टी. मी गाडीतून उतरलो आणि तिघांनी एकदम श्वास सोडला. मला ऐकू आला. माझी गाडी बंद पडल्यावर ज्यांना हायसं वाटतं, ते माझे कोण लागतात? पस्तीस वर्षांच्या संसारात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

शनिवार, ४ मार्च

आज जे झालं ते क्रमानं लिहितो.

ही दोरे आणायला गेली. गाडी तिनं काचा-आरशांच्या दुकानासमोर उभी केली होती, तोंड दुकानाकडे. दाराशी माणसाएवढे आरसे टेकवून ठेवलेले. मी पाय मोकळे करायला उतरलो आणि गाडी आणि आरसा यांच्या मधे उभा राहिलो, गाडीकडे पाठ.

आरशात माझ्या गाडीचं तोंड दिसलं. जाळीमागे कूलर. त्याच्या उजव्या अर्ध्यावर काळं कापड बांधलेलं.

मी वळलो. गाडीत काही नाही. कूलर चकचकीत.

पुन्हा आरशाकडे वळलो. काळं कापड.

असं पाच वेळा केलं. पहिल्यांदा वाटलं, आरसा खोटा आहे. दुकानदाराला नोटीस द्यावी असंही मनात आलं. मग एकतीस वर्षांची सवय कामाला आली. तराजूच्या काट्यावर संशय आला की आम्ही एकच गोष्ट करतो. दोन पारड्यांतली वजनं अदलाबदल करतो. वजनाबरोबर फरकही दुसऱ्या बाजूला गेला, तर खोट वजनात. वजनं बदलूनही झुकतं पारडं तेच राहिलं, तर वजनं निर्दोष आणि खोट काट्यात.

आरशानं माझ्यासाठी पारडी बदलून दिली होती. समोरून बघितलं तर कापडाची बाजू माझ्या डावीकडे येते. आरशात तीच बाजू उजवीकडे. उजवीकडे आली की दिसते. डावीकडे गेली की नाही. कापड कुठे जात नव्हतं. जी बाजू नाहीशी होत होती ती दर वेळी एकच होती आणि ती माझी होती.

मी गाडीसमोर गुडघ्यांवर बसलो, डोळे मिटले आणि जाळीत हात घातला. बोटांना कॅनव्हास लागलं. कडेनं तुरपाई होती, बारीक, अंतर न चुकता सारखं. पस्तीस वर्षं माझ्या प्रत्येक सदऱ्याला हीच तुरपाई आहे. अंधारात ओळखीन. दोन ठिपके त्या कापडाखाली सापडले. मी ठिपके चार लावले होते, हे मला तेव्हा आठवलं.

ही आली तेव्हा मी गाडीत बसलो होतो. घरी आल्यावर ही वही काढली आणि आडवी धरून, सावकाश फिरवत बघितली. पानं अरुंद नाहीत. प्रत्येक पानाचा डावा अर्धा भाग कोरा आहे, पहिल्या पानापासून. डॉक्टरांचा लिफाफाही तसाच फिरवून वाचला. वाक्यं पूर्ण आहेत. मेंदूतल्या झटक्यामुळे रुग्णाला डाव्या बाजूचं भान राहत नाही, असं लिहिलंय. "वाहन चालवू नये" याच्या खाली दोन रेघा आहेत. मी नुसतं "चालवू नये" वाचलं होतं आणि मला वाटलं होतं, भांडण आणखी पुढे चालवू नये असं काहीतरी.

मग झेंडेवाल्यांची चप्पल आठवली. इथे थांबतो. मी त्या माणसाला मारलं असतं आणि वर घरी येऊन तापमान लिहिलं असतं.

रविवार, ५ मार्च

सकाळी चहाच्या वेळी तिला म्हटलं, "तुरपाई चांगली झालीये."

तिनं कप खाली ठेवला.

"कधी कळलं?"

"काल. मला सांगितलं का नाहीस?"

"आठ वेळा सांगितलं. डॉक्टरांनी तुमच्यासमोर चित्र काढून दाखवलं. तुम्ही म्हणालात, मी डॉक्टरांना फितवलंय."

हे मी म्हटलं असेन. मला ओळखणारा कुणीही सांगेल.

"मग किल्लीच काढून घ्यायची होतीस."

"तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडला होतात तुम्ही. दाढी केली नाही, बोलला नाहीत. त्या गाडीनं तुम्हाला उठवलं. ती कशी काढून घेऊ?" मग ती भरभर बोलायला लागली, इतके दिवस दाबून ठेवल्यासारखी. मिस्त्रीला विचारलं की गाडी हळू कशी होईल. तो म्हणाला, गिअरबॉक्स तापला की ती आपोआप हळू होते. अर्धा कूलर झाकला तर मोडणार नाही, तेल तेवढं वरचेवर बदलावं लागेल. कुठल्या बाजूनं झाकायचा, ते तिनं सांगितलं. पुठ्ठा तुम्ही धुऊन टाकलात हे मला कळलंच नाही, असं म्हणाली आणि रडायला लागली. "माझंच चुकलं. हळू म्हणजे काय, थांबवायलाच हवं होतं. त्या दिवशी ते गेले असते."

"चूक काट्याची आहे," मी म्हटलं. "खोटा काटा सापडला की आम्ही तो दुरुस्त होईपर्यंत वापरातून काढतो." किल्ली तिच्या हातात ठेवली. ठेवताना फार वाईट वाटलं. वाटलं नाही असं लिहिलं तर ती खोटी नोंद होईल.

ट्रॅकवर आधी झेंडेवाल्यांकडे गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पहिल्याच शब्दाला त्यांनी माझ्या उजव्या बाजूला येऊन खांद्यावर हात ठेवला. ते नेहमी उजव्या बाजूनंच येतात, हे आज लक्षात आलं.

"तुमच्या पाळीला सगळे चहाला जायचे," ते म्हणाले, "आता चहाला सवय झालीये त्यांची."

मग मी जाळीत हात घालून चारी नाड्या सोडल्या. मिस्त्री मदतीला वाकला, त्याला थांबवलं. कापडाची घडी करून खिशात ठेवली. मिस्त्रीनं हिला हेल्मेट दिलं. ती म्हणाली, "मला कुठं येतंय?" मी म्हटलं, "रस्त्यावर दोन महिने मला फिरवते आहेस. फक्त तिसरा गिअर धरून ठेव, चौथी फेरी सावकाश, आणि तापमान मी सांगतो."

मी शेजारी बसलो. तापमापक माझ्या उजव्या हाताला येतो, तिथून लख्ख दिसतो. डाव्या वळणांवर ती स्वतःशीच "डावं" म्हणायची. पहिल्यांदा मला राग आला. दुसऱ्यांदा मी मान वळवून बघितलं. कोन होते. ओळीनं सगळे उभे होते.

फेऱ्या दहा. सर्वांत जास्त तापमान सत्त्याण्णव. थांबल्यावर तिनं न सांगता न्यूट्रल करून इंजिन चालू ठेवलं. बिल्ला तिच्या नावाचा निघाला. तिची सर्वांत जलद फेरी माझ्यापेक्षा अकरा सेकंदांनी कमी आहे. झेंडेवाल्यांचं घड्याळ एकदा तपासून घ्यायला हवं.

ही वही तिला दाखवली. तिनं शेवटपर्यंत वाचली, मधे दोनदा हसली. मग सुई घेऊन बसली आणि उरलेल्या प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत लाल दोरा घालून दिला. दोरा दिसेपर्यंत मान वळवायची आणि तिथून लिहायला लागायचं, असं सांगितलंय. ही ओळ मी तिथूनच सुरू केली आहे.